ताल्मुदमधले नुकसानीचे आणि चोरीचे कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू कायदा म्हटलं की 'डोळ्याबद्दल डोळा' एवढंच बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. प्रत्यक्षात ताल्मुद या ज्यूंच्या कायद्याच्या ग्रंथाचा फार मोठा भाग मारक्या बैलांवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, शेजाऱ्याच्या पिकाला लागलेल्या आगीवर आणि चोरीच्या मालावर खर्ची पडलेला आहे. ज्यू पाठशाळांमध्ये मुलांना ताल्मुदची पहिली ओळख बऱ्याचदा याच भागातून करून देतात. या विषयावर बोलणं निघालं की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत.

हे नियम नेमके कुठे सापडतात?

मूळ आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत आहेत, मुख्यतः 'निर्गम' पुस्तकाच्या २१ व्या आणि २२ व्या अध्यायांत. पण त्या थोडक्यात आहेत. त्यांचा तपशील पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आणि इ.स. २०० च्या सुमारास राब्बी (म्हणजे धर्मपंडित) यहूदा हा-नासी यांनी तो 'मिश्ना' या ग्रंथात बांधला. मिश्नाचे सहा भाग, त्यातला चौथा 'नेझिकीन', म्हणजे नुकसानीचा. त्यातले पहिले तीन ग्रंथ बाबा कामा, बाबा मेत्झिया आणि बाबा बात्रा: पहिला दरवाजा, मधला दरवाजा, शेवटचा दरवाजा. मुळात हा तीस प्रकरणांचा एकच ग्रंथ होता, तो पुढे दहा-दहा प्रकरणांत विभागला गेला.

मिश्नावर बॅबिलोनियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, सुरा आणि पुम्बेदिता इथल्या विद्यापीठांत साधारण तीनशे वर्षं वादविवाद झाले. ते वादविवाद म्हणजे गेमारा. मिश्ना आणि गेमारा मिळून ताल्मुद. एक ताल्मुद गालीलच्या भागातही तयार झाला, त्याला जेरुसलेमचा ताल्मुद म्हणतात. इथली बहुतेक उदाहरणं बॅबिलोनियातल्या ताल्मुदमधली आहेत.

धर्मग्रंथात बैल आणि खड्डे कशाला?

हा प्रश्न ताल्मुदलाही पडलेला आहे. खरा भाविक व्हायचं असेल तर काय करावं, यावर बाबा कामामध्ये तीन मतं दिली आहेत. कुणी म्हणतं, पूर्वजांची नीतिवचनं आचरावीत. कुणी म्हणतं, प्रार्थनेचे आणि आशीर्वादांचे नियम पाळावेत. राब्बी यहूदा (हे बॅबिलोनियातले, मिश्नाचे संकलक नव्हेत) म्हणतात, नुकसानीचे नियम पाळावेत.

हे मत ज्या संदर्भात आलंय तो बघण्यासारखा आहे. जुन्या काळचे भाविक लोक काटे आणि काचांचे तुकडे रस्त्याकडेला फेकत नसत. आपल्याच शेतात तीन तळहात खोल पुरत, म्हणजे नांगरालाही ते अडू नयेत. राब्बी शेशेत ते जाळून टाकत, रावा तैग्रिस नदीत सोडत. माणूस किती देवभीरू आहे हे तो आपल्या घरची काच कुठे टाकतो यावरून ठरवायचं, ही कल्पना मला या सगळ्या ग्रंथाचं प्रवेशद्वार वाटते. देवळात कोण किती वेळ उभा राहतो ते सगळ्यांना दिसतं. काच कुठे गेली, ते फक्त त्याला ठाऊक असतं.

नुकसानीचे चार मूळ प्रकार कोणते?

बाबा कामाची सुरुवातच या यादीने होते: बैल, खड्डा, 'मव्‌एह' आणि आग. तिसरा म्हणजे माणूस की चरणाऱ्या जनावराचे दात, यावर तिसऱ्या शतकातल्या राव आणि श्मुएल या दोन आचार्यांचं एकमत नाही.

चार प्रकार का लागले, तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बैलाला जीव आहे, तो स्वतः चालून जातो. आगीला जीव नाही, पण वाऱ्याने ती पसरते. खड्डा जागचा हलत नाही, लोकच त्याच्यापाशी येतात. एवढे फरक करून झाल्यावर मिश्ना चौघांमधलं समान सूत्र सांगते: नुकसान करणं ही त्यांची रीत आहे आणि त्यांची राखण तुझ्यावर आहे. 'मी तर घरी झोपलो होतो' या सबबीला इथे जागा नाही. जी गोष्ट तू मोकळी सोडलीस, तिच्याबरोबर तुझी जबाबदारीही बाहेर पडली.

पुढच्या काळात नवनवी नुकसानं समोर आली तेव्हा पंडितांनी याच चौघांशी त्यांची तुलना केली. छपरावर ठेवलेला दगड नेहमीच्या वाऱ्याने खाली पडला आणि पडता पडता नुकसान झालं, तर ती आगीची जात. तोच दगड खाली पडून राहिला आणि मग कुणी अडखळलं, तर ती खड्ड्याची.

बैलाने पहिल्यांदा शिंग मारलं आणि चौथ्यांदा मारलं, यात फरक का?

कारण मालकाला काय माहीत होतं, यात फरक आहे. आजवर गरीब असलेल्या बैलाने अचानक दुसऱ्याचा बैल मारला, तर मालकाने निम्मं नुकसान भरायचं, तेही त्या बैलाच्या किमतीपुरतंच. हाच प्रकार तीनदा झाला, साक्षीदारांसमोर मालकाला ताकीद मिळाली, की तो बैल मारका ठरला. त्यानंतर पूर्ण भरपाई, आणि ती मालकाच्या सगळ्या मालमत्तेतून.

शिंगाचा नियम असा असला तरी पायाने तुडवणं आणि तोंड घालून खाणं यांना 'पहिल्यांदाच झालं' ही सवलत नाही. गुरं चरणार आणि चालताना तुडवणार, हे कुणालाही माहीत असतं. त्यामुळे दुसऱ्याच्या शेतात शिरून खाल्लं तर पहिल्याच दिवशी पूर्ण भरपाई. सार्वजनिक रस्त्यावर मात्र जनावराने कुणाचा भाजीपाला खाल्ला, तर खाण्यातून मालकाचा जेवढा फायदा झाला तेवढ्याचाच मोबदला, कारण रस्त्यावर गुरं चालणारच.

आणि माणूस? मिश्ना म्हणते, माणूस कायम मारक्यातच धरायचा. जाणूनबुजून असो की चुकून, जागा असो की झोपेत. शेजारी झोपलेल्याचं मडकं झोपेत लाथ लागून फुटलं तरी भरपाई द्यावी लागते. पंडितांनी नंतर यात बारकावे आणले, पण माणसाला 'अचानक झालं हो' म्हणण्याची सोय बैलापेक्षा कमी ठेवली, हे त्यांनी ठरवून केलं.

सार्वजनिक जागा कुणाचीच नसते, मग तिथल्या खड्ड्याला जबाबदार कोण?

ज्याने खणला तो. जागा त्याच्या मालकीची नाही ही सबब चालत नाही. दहा तळहात खोल, म्हणजे साधारण अडीच-तीन फूट, खड्डा जनावराचा जीव घेऊ शकतो असं धरलं आहे. त्याहून उथळ असेल आणि जनावर मेलं तर खणणारा सुटतो, जखमी झालं तर मात्र भरपाई आहेच.

या नियमांच्या ओघात एक गोष्ट येते. एक माणूस आपल्या शेतातले दगड वेचून रस्त्यावर टाकत होता. एक भाविक गृहस्थ तिथून जात होते. ते म्हणाले, "अरे वेड्या, जी जागा तुझी नाही तिथले दगड उचलून तुझ्या जागेत का टाकतोस?" तो हसला. पुढे दिवस फिरले, शेत विकावं लागलं. एके दिवशी तो त्याच रस्त्याने चालला होता आणि आपणच टाकलेल्या दगडांना अडखळला. तेव्हा त्याला त्या गृहस्थांचं बोलणं उमगलं.

सातबाऱ्यावर नाव असलेली जमीन एका पिढीत हातची जाऊ शकते, पण रस्ता शेवटपर्यंत आपला राहतो. घरातला राडारोडा रात्री नाक्यावर नेऊन ओतणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी असं मला वाटतं.

आग वाऱ्याने पसरली तर लावणाऱ्याचा काय दोष?

यावर दोन मोठ्या आचार्यांचा वाद आहे. राब्बी योहानान म्हणतात, आग ही माणसाने सोडलेल्या बाणासारखी. बाण लांब जाऊन लागला तरी मारणारा तोच. रेश लाकीश म्हणतात, आग त्याच्या बैलासारखी, म्हणजे त्याच्या ताब्यातली वस्तू. एकात माणूस स्वतः नुकसान करतो, दुसऱ्यात राखण करण्यात कमी पडतो. अपेक्षेपलीकडचं घडलं तर सूट आहे: आगीने चार हात उंच भिंत, सार्वजनिक रस्ता किंवा नदी ओलांडली, तर लावणारा सुटतो.

मिश्नातलं एक उदाहरण तर अगदी बाजारपेठेतलं आहे. अंबाडीच्या भाऱ्यांनी लादलेला उंट अरुंद रस्त्याने चाललाय. भारा दुकानात शिरला, दुकानदाराच्या दिव्यावर पेटला आणि इमारत जळाली. जबाबदार उंटवाला, कारण त्याने वाजवीपेक्षा जास्त लादलं. पण दिवा दुकानाबाहेर ठेवलेला असेल तर जबाबदार दुकानदार. दिवा हनुक्काचा, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा असेल तर? मिश्नातल्या राब्बी यहूदांच्या मते (हे याच नावाचे तिसरे) दुकानदार सुटतो, कारण तो दिवा बाहेर दिसेल असा लावायचा असतो. बाकीच्या पंडितांचं मत तसं नाही, त्यांच्या लेखी सणाच्या दिव्यालाही भरपाई लागू.

'डोळ्याबद्दल डोळा' हा नियम ताल्मुदमध्ये खरंच पाळायला सांगितला आहे का?

नाही. ताल्मुदने तो पैशाच्या भरपाईत बदलला, आणि त्यासाठी पानंच्या पानं युक्तिवाद केले. मारणाराच आंधळा असेल तर त्याचा कुठला डोळा काढणार? एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी होणार? 'गणना' पुस्तकात खुन्याच्या जिवासाठी खंडणी घेऊ नका असं म्हटलंय, त्याअर्थी हातापायांसाठी घेता येते, असाही एक युक्तिवाद आहे.

माणसाला इजा केली तर पाच गोष्टी भरून द्याव्या लागतात: कायमचं नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अपमान. जनावराला इजा झाली तर फक्त पहिली. बाकीच्या चार माणसाच्या वाट्याला आल्या.

औषधोपचारावरची चर्चा मला विशेष आवडते. मारणारा म्हणाला, 'मीच तुझ्यावर इलाज करतो,' तर जखमी माणूस म्हणू शकतो, 'तू मला दबा धरून बसलेल्या सिंहासारखा दिसतोस.' मारणारा म्हणाला, 'माझ्या ओळखीचा वैद्य आहे, फुकट बघेल,' तर उत्तर: 'फुकट बघणाऱ्या वैद्याची किंमतही फुकटच.' भरपाई स्वस्तात उरकायच्या ज्या वाटा माणसाला सुचतात, त्या पंडितांनी आधीच ओळखून बंद केल्या होत्या.

अपमानाची किंमत कशी ठरवायची? गरिबाचा अपमान स्वस्त का?

मिश्नात ठरावीक रकमा दिल्या आहेत. थोबाडीत मारली तर २०० झूझ (झूझ हे चांदीचं नाणं), उलट्या हाताने मारली तर ४००, कारण त्यात दुखतं कमी पण मानहानी जास्त. कान पिरगाळला, केस उपटले, अंगावर थुंकलं, अंगावरचं वस्त्र ओढलं, बाजारात बाईचं डोकं उघडं केलं, तर ४०० झूझ. ही रक्कम किती मोठी? ज्याच्याकडे २०० झूझ आहेत त्याने शेतातला गरिबांचा वाटा घेऊ नये, असं मिश्नाच दुसरीकडे सांगते.

पुढे म्हटलं आहे की हे सगळं ज्याच्या-त्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे. यावर राब्बी अकिवा म्हणाले, गरिबातल्या गरिबालाही मालमत्ता गमावून बसलेला खानदानी माणूसच समजायचं, कारण तीही अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचीच लेकरं.

मग खटला येतो. एका माणसाने भर बाजारात एका बाईचं डोकं उघडं केलं. ती राब्बी अकिवांकडे गेली. त्यांनी निकाल दिला: ४०० झूझ. तो म्हणाला, मला मुदत द्या. मुदत मिळाली. तो पाळत ठेवून राहिला. ती आपल्या अंगणाच्या दाराशी उभी असताना त्याने तिच्यासमोर एक बुधलं फोडलं. त्यात तेल होतं एका इस्सारचं, म्हणजे एका झूझच्या चोविसाव्या भागाचं. तिने डोक्यावरचं वस्त्र बाजूला केलं, सांडलेल्या तेलात हात बुडवून बुडवून ते केसांना लावू लागली. त्याने साक्षीदार उभे केलेच होते. तो परत आला आणि म्हणाला, "हिला मी ४०० झूझ द्यायचे? एवढ्याशा तेलासाठी जी स्वतःच डोकं उघडं करते तिला?"

राब्बी अकिवा म्हणाले, "तू काहीच सिद्ध केलेलं नाहीस." माणसाने स्वतःला इजा करू नये, पण केली तर त्याला दंड नाही. दुसऱ्याने केली तर दंड आहे.

अत्याचार झालेल्या बाईचं चारित्र्य काढून दंड चुकवायचा प्रयत्न जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी झाला, आणि न्यायाधीशाने तो एका वाक्यात मोडून काढला. तिने तिच्या दाराशी काय केलं याचा तुझ्या कृत्याशी संबंध नाही. ती गरीब होती, इतकी गरीब की सांडलेलं तेलही तिला सोडवलं नाही, म्हणून तुझा हात तिच्या डोक्याला लागण्याचा हक्क मिळत नाही. न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर आपण अजूनही हाच वाद घालतो आहोत, याचं मला वाईट वाटतं.

पैसे भरले, हिशेब मिटला. मग माफी वेगळी का मागायची?

लगेच पुढचंच कलम हे सांगतं: त्याने पैसे दिले तरी समोरच्याकडे माफी मागेपर्यंत त्याला क्षमा नाही. न्यायालय रक्कम ठरवू शकतं, दुखावलेल्याचं मन मोकळं करणं त्याच्या हातात नाही. आणि ज्याच्याकडे माफी मागितली त्याने दगडासारखं बसून राहू नये, असंही तिथेच म्हटलं आहे. दाखला 'उत्पत्ती'मधला: अबीमलेख राजाने अब्राहामाची बायको सारा हिला नेलं होतं, त्याने तिला परत पाठवलं आणि अब्राहामाने त्याच्यासाठी प्रार्थना केली.

लपून चोरी करणाऱ्याला दुप्पट दंड आणि उघड लुटणाऱ्याला फक्त मूळ रक्कम. हे उलटं नाही का?

शिष्यांनी राब्बान योहानान बेन झक्काई यांना हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर: उघड लुटणाऱ्याने देव आणि माणूस दोघांनाही सारखंच लेखलं, कुणालाच भ्यायला नाही. चोर माणसांना भ्याला, देवाला नाही. रात्री लपूनछपून जाताना तो असं वागला की वरच्याला डोळेच नाहीत. यावर एक दृष्टांतही आहे. गावात दोघांनी मेजवानी दिली. एकाने गावाला बोलावलं, राजघराण्याला नाही. दुसऱ्याने गावालाही नाही आणि राजघराण्यालाही नाही. जास्त अपराध पहिल्याचा.

आजच्या व्यवहारी डोक्याला हे चटकन पटत नाही, कारण उघड लूटमारीत हिंसा असते. पण ज्याला पकडलं जाण्याचीच तेवढी भीती आहे, त्याच्यावर कॅमेरा नसताना विश्वास कसा टाकायचा, हा प्रश्न राहतोच.

एक फार महत्त्वाचं कलम: चोराने साक्षीदार येण्याआधी स्वतः कबुली दिली तर दुप्पट दंड माफ, फक्त मूळ माल परत.

चोरलेला बैल कापला किंवा विकला तर पाचपट, मेंढी असेल तर चौपट. का?

तोराने कारण दिलेलं नाही, म्हणून पंडितांनी शोधलं. राब्बी मेईर म्हणतात, श्रमाची थोरवी बघा. बैल नेला म्हणजे नांगरणी थांबली, म्हणून पाचपट. मेंढी काम करत नाही, म्हणून चौपट. योहानान बेन झक्काई म्हणतात, माणसाच्या अब्रूची थोरवी बघा. बैल आपल्या पायांनी चालत गेला. मेंढी मात्र चोराला खांद्यावर घेऊन जावं लागलं, तेवढी त्याची शोभा झाली, म्हणून एक पट कमी. चोर पकडला गेलाय, दंड ठरतोय, आणि त्या क्षणीही त्याच्या अब्रूची दखल घेतली जातेय.

चोराला सुधारायची इच्छा झाली तर?

माझ्या मते या कायद्यांचं खरं मोठेपण इथे आहे. चोरलेली तुळई वाड्याच्या बांधकामात बसवून टाकली आहे आणि आता त्याला ती परत करायची आहे. शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या आचार्यांच्या परंपरांत यावर वाद झाला. शम्मायच्या परंपरेने म्हटलं, वाडा पाडा आणि तुळई परत करा. तत्त्व म्हणून ते चोख आहे. हिल्लेलच्या परंपरेने म्हटलं, तुळईची किंमत द्यावी, पुरे. कारण वाडा पाडावा लागणार असेल तर कुणी कबूलच होणार नाही. कायदा हिल्लेलच्या बाजूने ठरला.

पुढची गोष्ट त्याहून पुढे जाते. लुबाडणूक करून जगलेल्या एका माणसाला पश्चात्ताप झाला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सगळं परत करायला निघालात तर कमरेचा पट्टासुद्धा तुमचा राहणार नाही." त्याने विचार सोडून दिला. त्या वेळी पंडितांनी ठरवलं: लुटारू आणि व्याजखोर परत करायला आले तर ते घेऊ नये. जो घेतो, त्याच्यावर पंडितांचं मन प्रसन्न नाही.

सगळा भार नुकसान झालेल्यावर टाकणारा हा निर्णय अन्यायाचा वाटू शकतो. म्हणून पुढच्या भाष्यकारांनी त्याला मर्यादा घातल्या. लुटलेली वस्तू जशीच्या तशी असेल तर ती परत घ्यायचीच, असं मध्ययुगातले ज्यू कायदेपंडित मायमोनिडीस सांगतात. पण दिशा स्पष्ट आहे. माणूस वळायला लागला असेल तर त्याच्या वाटेत डोंगर उभा करू नये.

चोरीचा आहे हे माहीत नसताना वस्तू विकत घेतली तर?

बाजारात प्रामाणिकपणे घेतली असेल तर मूळ मालकाने त्याला दिलेली किंमत द्यायची, वस्तू परत घ्यायची आणि पैशासाठी चोरामागे जायचं. बाजार चालू राहावा म्हणून केलेली ही सोय आहे. संशय यावा अशी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी. मेंढपाळाकडून लोकर, दूध किंवा करडं घेऊ नयेत, बागेच्या राखणदाराकडून फळं किंवा सरपण घेऊ नये. विकणारा 'झाकून न्या' म्हणाला की काहीही घेऊ नये. घेणाराच नसेल तर चोर चोरणार कशाला, यावर ताल्मुदची म्हण आहे: चोर उंदीर नाही, चोर ते बीळ.

त्याच प्रकरणात कारागिरांच्या उरलेल्या मालाचा हिशेब आहे. शिंप्याकडे उरलेला दोरा शिवता येईल इतका लांब असेल तर तो गिऱ्हाइकाचा. सुताराच्या वाकसाने निघालेल्या ढलप्या सुताराच्या, कुऱ्हाडीने निघालेले तुकडे मालकाचे. मालकाच्या घरी बसून काम करत असेल तर भुसासुद्धा मालकाचा.

कायद्याने सुटलो म्हणजे सुटलो ना?

माणसांच्या न्यायालयापुरतं. ताल्मुदमध्ये असे काही गुन्हे सांगितले आहेत ज्यांत न्यायालय हात लावत नाही, पण देवाच्या दरबारी देणं राहतं: दुसऱ्याच्या जनावरापुढचं कुंपण मोडणं, त्याचं उभं पीक आगीकडे वाकवणं, खोटे साक्षीदार भाड्याने आणणं, साक्ष माहीत असून गप्प बसणं.

हमालांची गोष्ट बाबा मेत्झियातली. रब्बा बार बार हनान या पंडितांचं दारूचं पिंप हमालांच्या हातून फुटलं. त्यांनी हमालांचे अंगरखे काढून घेतले. हमाल राव यांच्याकडे गेले. राव म्हणाले, "अंगरखे देऊन टाक." "हा कायदा आहे?" "हो. 'तू सज्जनांच्या मार्गाने चालावंस.'" अंगरखे मिळाले. हमाल म्हणाले, "आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, पोटात काही नाही, हातात काही नाही." राव म्हणाले, "त्यांची मजुरी दे." "हाही कायदा?" "हो. 'नीतिमानांच्या वाटा धरून राहावंस.'"

दोन्ही वेळा रब्बांनी 'दया' हा शब्द ऐकायची तयारी केली होती, आणि दोन्ही वेळा उत्तर आलं 'हो, कायदा'. रावांनी वचन 'नीतिसूत्रे'मधलं काढलं, नुकसानीच्या कलमांतलं नाही. ज्याचं पिंप फुटलं त्याच्याकडे दुसरं पिंप असेल, ज्याचा अंगरखा गेला त्याच्याकडे दुसरा अंगरखा नव्हता. मला वाटतं, निकाल देताना रावांची नजर तिथे होती.

बोलण्यानेही नुकसान आणि चोरी होते का?

होते. बाबा मेत्झियात पैशाच्या फसवणुकीनंतर लगेच शब्दांनी दुखावणं येतं. घ्यायचं नसताना भाव विचारू नये. सुधारलेल्याला 'तू पूर्वी काय होतास' म्हणू नये. धर्मांतरितांच्या मुलाला 'तुझे पूर्वज काय करायचे ते आठव' म्हणू नये. पैशाची फसवणूक परत करता येते, शब्द परत करता येत नाहीत, म्हणून हे जास्त वाईट.

खोटा समज करून देणंही चोरीच. तो जेवणार नाही हे माहीत असूनही मित्राला जेवायचा आग्रह करत राहणं, विकायला उघडायचंच होतं ते पिंप 'खास तुमच्यासाठी' उघडल्याचा आव आणणं, ही ताल्मुदमधलीच उदाहरणं.

हे नियम सगळ्यांना सारखे लागू होते का?

नव्हते, आणि हे लपवू नये. ज्यूच्या बैलाने परक्याचा बैल मारला तर भरपाई नाही, उलट झालं तर पूर्ण भरपाई, असं मिश्ना सांगते. ताल्मुदमध्येच नोंद आहे की दोन रोमन अधिकारी हा कायदा शिकले, जाताना म्हणाले, बाकी सगळं खरं आहे, हे एक सोडून. आपल्यावर घेतलेला आक्षेप ग्रंथाने पुसला नाही, जपून ठेवला. आजच्या फ्रान्समधल्या पर्पिन्यां इथले पंडित मेनाखेम मेईरी (जन्म १२४९) यांनी पुढे मांडलं की असे भेद कायदा न मानणाऱ्या जुन्या लोकांपुरते होते, नीतिनियमांनी बांधलेल्या कुठल्याही समाजाला ते लागू नाहीत. चोरीबाबत तर जुन्या परंपरेतच स्पष्ट वचन आहे: परक्याला लुटणं ज्यूला लुटण्यापेक्षा वाईट, कारण त्यात देवाचं नाव बदनाम होतं.

आपल्या मराठी ज्यूंचा ताल्मुदशी काय संबंध?

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाकडे ताल्मुद उशिरा पोचला. नवगावजवळ जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. शब्बाथ, सुंता आणि 'श्मा'ची प्रार्थना त्यांनी जपली. राब्बींचे नियम त्यांनी पुढे कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंकडून शिकून घेतले.

याच उशिराचा त्रास त्यांना इस्रायलमध्ये झाला. घटस्फोटाचे आणि विवाहाचे ताल्मुदी नियम त्यांच्या पूर्वजांनी पाळले होते का, अशी शंका काढून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांत अडथळे आणले गेले. समाजाने आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानल्याचं जाहीर केलं. 'तुझे पूर्वज काय करायचे ते आठव' म्हणू नये, हे कलम त्या वेळी शंका काढणाऱ्यांनीही शिकलेलं होतं. ते आधी उघडायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

इस्रायलमध्ये आज हाच कायदा चालतो का?

थेट नाही. तिथला नुकसानभरपाईचा कायदा ब्रिटिश मँडेटच्या काळातल्या, १९४४ च्या अध्यादेशावर उभा आहे. १९८० च्या एका कायद्याने मात्र, प्रश्नाला उत्तर कुठेच सापडलं नाही तर न्यायालयाने इस्रायलच्या परंपरेतली स्वातंत्र्य, न्याय, समन्याय आणि शांतीची तत्त्वं बघावीत, असं सांगितलं आहे.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

सेफारिया या संकेतस्थळावर मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर विनामूल्य आहे. सरळ पहिल्या पानापासून सुरू केलं तर बैलाच्या शिंगांतच अडकायला होतं. त्यापेक्षा आधी फक्त मिश्ना वाचावी: बाबा कामाचं आठवं प्रकरण, मग दहावं, मग बाबा मेत्झियाचं दुसरं, सापडलेल्या वस्तूंवरचं. गेमारा एकट्याने वाचू नये. ती दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांना अडवत वाचायची पद्धत आहे. सोबतीला कुणी वकील मिळाला तर फार उत्तम, शेतकरी मिळाला तर त्याहून चांगलं, कारण पहिली सहा प्रकरणं त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळतील.